परगृहवासी

मी आजवर सहा पुस्तकं लिहिली. सगळी मुलांसाठी. सगळ्यांत आकाशातून उडत्या तबकड्या उतरतात, गावं पेटतात आणि शेवटी दोन भावंडं जिवंत राहतात. मध्यंतरी एका शाळेत मुलांशी गप्पा मारायला बोलावलं होतं. सातवीतल्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या प्रत्येक पुस्तकात मराठीचे सरच पहिल्यांदा का मरतात?" सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि म्हणाले, कुणीतरी पहिल्यांदा मरावंच लागतं, हा आपला योगायोग. पोरगी हुशार होती. तिनं मान डोलावली, पण तिला काही ते पटलं नाही.

योगायोग कसला! मी त्यांना ठरवून मारते. पहिल्या पुस्तकात तबकडीखाली चिरडलं, दुसऱ्यात हिरव्या धुरात विरघळवलं, तिसऱ्यात फळ्यासमोर उभं करून खडूसारखं झिजवलं, अगदी चिमटीत मावेल एवढा तुकडा उरेपर्यंत. ते प्रकरण लिहून झालं की मी चहा टाकते, जास्त साखरेचा. सूड वाईट, सूडानं हाती काही लागत नाही, असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं. मला लागतं. झोपही चांगली लागते.

हे सगळं सुरू झालं अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, एका ज्वारीच्या शेतात. आमचं गाव वालूरच्या बाजूला. नाव सांगत नाही. त्याचं नाव छापून यावं असं त्या गावानं माझ्यासाठी काही केलेलं नाही. मी आठ वर्षांची होते, आक्का बारा. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला होता आणि मराठवाड्यात ठिकठिकाणी आमच्या लोकांच्या वस्त्या पेटत होत्या, एवढं मोठ्यांच्या बोलण्यातून कानावर यायचं. विद्यापीठ म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, ते एखादं मोठं गाव असावं.

दुपारची वेळ होती. माय खुरपायला गेली होती, बाप सेलूला. आक्का दारात भांडी घासत होती. वेशीकडून एकदम आरडाओरडा ऐकू आला. आक्कानं राखेनं भरलेल्या हातानं माझं मनगट धरलं आणि आम्ही दोघी वस्तीमागच्या हायब्रीडमध्ये घुसलो. संकरित ज्वारीला आमच्याकडं हायब्रीडच म्हणतात. ती तेव्हा माझ्या डोक्याच्या वर गेली होती. मधोमध गेल्यावर आक्कानं मला खाली बसवलं, मागून मिठी मारली आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या राखेची चव मला अजून आठवते.

"परगृहवासी आलेत," ती माझ्या कानात म्हणाली. "त्यायला हललेलंच दिसतंय. जे हलत न्हाई ते दिसतच न्हाई. हलू नको, बोलू नको. मी 'आता हल' म्हनेपर्यंत गप बसायचं."

मी हलले नाही. कसलीशी अळी पायावरून गुडघ्यापर्यंत चढली, तरी हलले नाही. फ्रॉक ओला झाला, तरी नाही. बांधावरून माणसं चालली होती. ज्वारीच्या ताटांच्या फटीतून मला नुसते पाय दिसत होते आणि कुणाच्या तरी हातातला रॉकेलचा डबा. त्यात एक जोड करकरणाऱ्या वहाणांचा होता. त्या वहाणा माझ्या चांगल्या ओळखीच्या होत्या, कारण त्या घरचं शेण माझी माय काढायची. त्या वहाणा आमच्यासमोर येऊन थांबल्या. आक्काचं काळीज माझ्या पाठीला लागून धडधडत होतं. मग वहाणा पुढं गेल्या. बऱ्याच वेळानं, धूर शेतात उतरल्यावर, आक्का म्हणाली, "आता हल." तेव्हा कुठं मी पाय सोडले.

घर गेलं होतं. छप्पर कडब्याचं, त्याला कितीसा वेळ लागणार! माय आणि बाप संध्याकाळपर्यंत सापडले, धडधाकट होते. माय जळक्या भिंतीपाशी बसून राहिली आणि मी आक्काला बाजूला घेऊन विचारलं, "आक्का, ते तर आपल्या गावातलेच हुते. मी वळखले की."

"मंग?" आक्का म्हणाली. "परगृहवासी म्हंजे तेच. पर म्हंजे दुसरं, गृह म्हंजे घर. दुसऱ्या घरातले."

तिनं तो शब्द गुळाच्या पुडीच्या कागदावर वाचला होता. कुठल्याशा वर्तमानपत्राचं पान होतं, त्यावर तबकडीचं चित्र आणि आकाशातून येणाऱ्या लोकांबद्दलचा लेख. छापलेलं होतं 'परग्रहवासी', म्हणजे दुसऱ्या ग्रहावरचे. आक्कानं वाचलं 'परगृहवासी'. शाळेत रोज गृहपाठ मिळायचा, त्यामुळं गृह तिच्या ओळखीचं होतं. ग्रह तिला कुणी दिलाच नव्हता. आता मी शिकलेली आहे, ती चूक होती हे मला कळतं. पण त्या दुपारी आमच्यासोबत जो शेतात बसला असता, तो म्हणाला असता की चूक छापणाऱ्याची आहे.

बापानं आम्हा दोघींना परभणीला आत्याकडं पाठवलं. ते आणि माय गावातच राहिले, पुन्हा भिंती उभ्या करायला. आत्याचं घर दोन खोल्यांचं, तिला स्वतःची तीन लेकरं. आत्या प्रेमळ होती, खायला कधी कमी केलं नाही. पण दुसऱ्याच्या घरी राहणं म्हणजे काय, ते जो राहिला त्यालाच माहीत. आधी कोण उठलं ते बघून मग उठायचं. भूक असली तरी दुसऱ्यांदा भाकरी मागायची नाही. आजारी पडायचं नाही. आम्ही दोघी त्या घरातही फार हलत नव्हतो.

आत्याचे यजमान एका कचेरीत कारकून होते. ते जुने, एका बाजूनं कोरे असलेले फॉर्म घरी आणायचे. आक्कानं त्यांचा गठ्ठा केला, दाभणानं शिवला, त्याला कॅलेंडरच्या पानाचं पुठ्ठं लावलं आणि गोष्ट लिहायला बसली. शाळा सुटल्यावर घरामागच्या कडुनिंबाखाली ती मला दिवसभराचं लिहिलेलं वाचून दाखवायची. गोष्टीत दोन बहिणी होत्या. तबकड्यांतून परगृहवासी उतरतात, वस्त्या जाळतात. बहिणी हायब्रीडमध्ये लपतात आणि न हलण्याची विद्या शिकतात. ती विद्या इतकी वाढते की शेवटी अख्खी वस्ती दिवसाउजेडी परगृहवाशांच्या नाकासमोर उभी राहते, पण त्यांना कुणी दिसत नाही. ते वेडेपिसे होतात आणि एकमेकांनाच धरतात.

धरलेल्यांचं पुढं काय करायचं, यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणायची, "जाळ." रोज एकच, जाळ.

"जाळलं की लगीच संपतंय," आक्का म्हणाली. "त्यायला दुसऱ्याच्या घरी राहायला लावू. जन्मभर. पानी पिऊ का म्हनून इचारायचं. निजू का म्हनून इचारायचं. अन् कुनी हसलं का बघायचं, मंगच हसायचं."

मला तो सूड फार आवडला. आजही मला त्याच्यापेक्षा चांगला सुचलेला नाही. आक्कानं तोच शेवट लिहिला.

दोन वर्षं अशी गेली. आक्का नववीत होती आणि मी पाचवीत, एकाच शाळेत. मराठीच्या सरांनी सांगितलं की शाळेचं हस्तलिखित काढायचंय, ज्यांना लिहिता येतं त्यांनी गोष्टी द्या. आक्कानं अख्खी वहीच दिली. इथं एक कबूल केलं पाहिजे. सर मला आवडायचे. आवाज गोड, कविता चालीवर म्हणायचे, आणि 'पोरींनो' असं मायेनं बोलायचे. आक्काची वही त्यांच्याकडं गेली म्हणून मी आठवडाभर छाती काढून फिरत होते.

आठवड्यानं शिपाई आमच्या वर्गावर आला आणि मला नववीच्या वर्गात घेऊन गेला. मला वाटलं, आक्काला बक्षीस मिळालं. आक्का टेबलाशेजारी उभी होती. सरांच्या हातात वही होती, कानावर लाल पेन्सिल. त्यांनी मलाही तिच्यासमोर उभं केलं आणि वर्गाला वाचून दाखवायला लागले. एक ओळ वाचायची, थांबायचं, भुवई उडवायची. 'लय' आला की थांबायचे, 'हाय' आला की थांबायचे. समासात त्यांनी जागोजागी लाल अक्षरांत 'अशुद्ध' लिहिलं होतं. आमच्या बाबतीत हा शब्द वहीपुरता कधीच नव्हता. माझ्या आजीला तो विहिरीवर ऐकायला मिळाला, मायला ओसरीवर. आम्हाला शाळेत मिळाला, लाल पेन्सिलीनं, समासात.

"आणि हे परगृहवासी कोण गं?" सर म्हणाले. "परगृहवासी म्हणजे दुसऱ्याच्या घरी पडून राहणारे. म्हणजे तूच की! आत्याकडं राहतेस ना?"

वर्ग फुटला. बाकं वाजली. आक्काची मान खाली गेली नाही, हे मी पाहिलं. हसणं थांबल्यावर सरांचा आवाज बदलला. "साधा ग्रह लिहिता येत नाही आणि एवढी मोठी गोष्ट हिनं लिहिली म्हणे. कुठून उतरवलीस?"

"मीच लिहिली सर," आक्का म्हणाली.

"खोटं बोललीस तर शाळेतून नाव काढायला लावीन." मग ते माझ्याकडं वळले, वाकले, गोड आवाजात म्हणाले, "लहान लेकरं खोटं बोलत नाहीत. तू सांग बाळ, खरं सांग. हे तुझ्या बहिणीनं लिहिलं का?"

मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. रोज कडुनिंबाखाली मी ती गोष्ट ऐकत होते. त्यातली दोन नावं तर मीच ठेवली होती. पण सरांच्या चपला माझ्यासमोर येऊन थांबल्या, त्या करकरल्या आणि मी ज्वारीत जाऊन बसले. मी हलले नाही. बोलले नाही. जीभ दाताला लावून उभी राहिले आणि आक्काकडं बघत राहिले. ती 'आता हल' म्हणेल, मग बोलायचं. एवढंच माझ्या डोक्यात होतं. सर वाट बघत होते, वर्ग वाट बघत होता, मी आक्काची वाट बघत होते. माझे पाय थरथरायला लागले. ते का थरथरतात, हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. नववीच्या पन्नास पोरांसमोर माझ्या पायाखाली ओलं होणार होतं, आणि आक्कानं ते ओळखलं.

"उतरवली सर," ती पटकन म्हणाली. "हिला जाऊ द्या."

मी धावत मुतारीकडं गेले. पोचले. आक्कानं मला पोचवलं.

शिक्षा म्हणून सरांनी तिला त्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर 'परग्रह' हा शब्द शंभर वेळा लिहायला लावला. तिनं लिहिला. सरांनी खाली 'तपासले' असं लिहून, तारीख घालून झोकात सही केली आणि वही परत दिली. त्या सहीला जपून ठेवा, ती पुढं लागणार आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या फलकावर, काचेच्या आत, एका साप्ताहिकाचा दिवाळी अंक लावला होता. 'आपल्या सरांची विज्ञानकथा' असा कागद त्याला टाचला होता. कथेचं नाव 'परग्रहवासी'. मी काचेला नाक लावून उघडं पान वाचलं. दोन बहिणींच्या जागी दोन भाऊ होते. हायब्रीडच्या जागी 'हिरवेगार शेत' होतं. 'लय भ्या वाटलं' च्या जागी 'अत्यंत भीती वाटली'. पण ज्यांना फक्त हललेलंच दिसतं, ते लोक तेच होते. मधल्या सुट्टीत शिपाई चहाला गेल्यावर मी कडी काढली आणि अंक फ्रॉकमध्ये घालून घरी आणला. माझ्या आयुष्यातली ती एकमेव चोरी. तिची मला लाज वाटत नाही.

आक्कानं तो कडुनिंबाखाली बसून वाचला. शेवटी सरांनी काय केलं होतं? परग्रहवासी हात जोडतात, दोन्ही भाऊ त्यांना उदार मनानं क्षमा करतात आणि सगळे एका पंगतीत बसून जेवतात. ज्याचं घर जळालं नाही त्याला क्षमा किती पटकन सुचते!

"शेवट नासवला," आक्का म्हणाली. मग अंक मिटून म्हणाली, "आपली अशुद्ध हुती ना. त्यांनी शुद्ध करून घेतली."

तिनं अंक वहीत घातला आणि वही ट्रंकेच्या तळाशी. त्यानंतर तिनं कधी गोष्ट लिहिली नाही. दहावी झाली, नर्सिंगचा कोर्स केला, पाथरीकडच्या एका सरकारी दवाखान्यात लागली. तिकडं सगळा गाव तिला सिस्टर म्हणतो. खरी सिस्टर ती माझी एकटीची आहे, असं मी तिला चिडवते. पण त्या दिवशीच्या 'हो' बद्दल आम्ही कधी बोललो नाही. तिनं विषय काढला नाही आणि माझी हिंमत झाली नाही. ती मला फितूर समजत असणार, हे मी मनाशी पक्कं धरलं होतं. तिच्या जागी मी असते तर समजले असते.

मी पुढं शिकायला औरंगाबादला गेले, त्याच विद्यापीठात. नामांतराच्या मोर्चात घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. तेव्हा मला कळलं की मला बोलता येतं, फक्त वेळेवर येत नाही. शिक्षण संपता संपता मी पहिलं पुस्तक लिहिलं. त्यात मराठीच्या सरांना तबकडीखाली घातलं. ज्वारीचा आणि न हलण्याचा भाग मात्र मी त्यात घातला नाही, पुढंही कधी नाही. तो आक्काचा आहे.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. मागितलं होतं नामांतर, सोळा वर्षांनी मिळाला विस्तार. त्याच महिन्याच्या अखेरीस मला सरांचं पत्र आलं. ते निवृत्त होत होते. शाळेत सत्कार होता, आणि 'माझ्या हाताखाली घडलेली लेखिका' म्हणून मी चार शब्द बोलावेत अशी त्यांची इच्छा होती. खाली लिहिलं होतं, 'आपल्या पुस्तकातील मराठीचे शिक्षक फार जिवंत उतरले आहेत.' पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारीण बघायला आली.

दुसऱ्याच दिवशी मी पाथरीची एसटी पकडली. आक्का दवाखान्याच्या व्हरांड्यात एका म्हातारीला इंजेक्शन देत होती. "हलू नको माय," ती म्हणत होती. मी ते ऐकलं आणि दारातच थांबले. म्हातारी गेल्यावर मी पत्र पुढं केलं. आक्कानं वाचलं, घडी घातली, खोलीवर गेली आणि ट्रंकेच्या तळातून वही काढून आणली. आत तो अंक तसाच होता.

"मी तिथं सगळ्यांसमोर सांगनार हाय," मी म्हणाले. "तू नको म्हणलीस तर न्हाई सांगनार. गोष्ट तुझी हाय."

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे, म्हातारा झाला. लोक अशा वेळी असंच म्हणतात. आक्कानं वहीवरची धूळ पदरानं पुसली.

"पयल्यांदा बोलू नको," ती म्हणाली. "आधी त्यांना फेटा बांधू दे. हार घालू दे, शाल घालू दे, मांडीवर नारळ ठिवू दे. तेवढं झाल्यावर मानूस उठून जाऊ शकत न्हाई. मंग बोल."

माझ्या डोक्यात हे आलंच नसतं. मी नुसती लेखिका आहे.

सत्कार शाळेच्याच सभागृहात होता. आक्का शेवटच्या रांगेत बसली, पांढऱ्या साडीत, ड्यूटीवरून तशीच आलेली. सरांनी तिच्याकडं दोनदा पाहिलं, ओळखलं नाही. फेटा झाला, हार झाला, शाल झाली, नारळ झाला. सर भरल्या डोळ्यांनी बसले होते. खरं सांगते, त्या क्षणी ते मला थकलेले दिसले. मग माझं नाव पुकारलं गेलं आणि मी वही घेऊन उठले.

मी आधी अंकातलं पहिलं पान वाचलं. सर मान डोलावत होते; स्वतःची जुनी कथा विद्यार्थिनी वाचते आहे, केवढा मान! मग मी वही उघडली आणि तेच पान आक्काच्या भाषेत वाचलं, सगळ्या 'लय' आणि 'हाय' सकट. मग समासातले लाल शेरे एकेक वाचले. अशुद्ध. अशुद्ध. अशुद्ध. तोवर सरांची मान डोलायची थांबली होती. संयोजकानं पुढं होऊन माइक बंद केला. मी थांबले. मागून आक्काचा आवाज आला, खणखणीत, वॉर्डात हाक मारावी तसा: "ऐकू यायलंय! वाच!"

मी वाचलं. शंभर वेळा लिहिलेल्या 'परग्रह' ची पानं उलटून दाखवली. शेवटी 'तपासले', आणि खाली झोकदार सही, अंक निघायच्या आधीच्या तारखेची. अर्ध्या सभागृहाच्या प्रगतीपुस्तकांवर ती सही होती, तिला कोण नाकारणार? मी वही नेऊन त्यांच्या मांडीवरच्या नारळावर उघडी ठेवली, वाकले आणि जमेल तेवढ्या गोड आवाजात विचारलं, "खरं सांगा सर. हे कोणी लिहिलं?"

सर हलले नाहीत. हार, फेटा, शाल, नारळ, आणि वर उघडी वही. ओठ सुद्धा हलले नाहीत. सभागृहात सगळे वाट बघत होते. गप्प बसण्याचा अर्थ काय घ्यायचा, हे त्यांनीच एका वर्गाला शिकवलं होतं. त्या वर्गातले काही जण तिथं बसलेले होते. मी सरांना पुरता वेळ दिला. मग सरळ उभी राहिले आणि माइकशिवाय सांगितलं, "हे माझ्या आक्कानं लिहिलं. ती तिथं बसलीय." एवढंच वाक्य. ते बोलायला मला चौदा वर्षं लागली.

टाळ्या फार पडल्या नाहीत. काही माणसं उठून गेली, एकानं मला 'संस्कार नाहीत' असं ऐकवलं. फोटोवाला मात्र भला माणूस होता. सर नारळावरच्या वहीकडं बघताहेत, असा एक फोटो त्यानं काढला. मी त्याची मोठी प्रत करून घेतली. ती माझ्या लिहायच्या टेबलासमोर लावलेली आहे. गाव जाळणाऱ्यांपर्यंत हिचा हात पोचला नाही म्हणून एका मास्तरावर सगळा राग काढला, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. त्या करकरणाऱ्या वहाणांचा मालक मला ठाऊक आहे, पण असा हार-फेट्यात अजून सापडलेला नाही, म्हणून तर दर पुस्तकात दुसरा मरणाराही ठरलेला आहे.

पुढं आक्काची गोष्ट तिच्या नावानं छापली, तिच्याच शेवटासह. मुद्रितं तपासणाऱ्यानं नावातल्या 'गृह' चा तीनदा 'ग्रह' केला आणि मी तीनदा परत 'गृह' केला. चौथ्यांदा त्यानं हात टेकले.

पण त्या दिवशीचं बसस्टँडवरचं सांगायचं राहिलं. पाथरीची गाडी यायला वेळ होता. आम्ही दोघी बाकड्यावर बसून चहा पीत होतो, वही मधे ठेवलेली. आक्का खुशीत होती. सर कसे बसले होते त्याची तिनं दोनदा नक्कल करून दाखवली. मी हसत होते आणि हसता हसता मला रडू फुटलं. मी म्हणाले, "आक्का, त्या दिवशी मी 'हो' म्हणले न्हाई. तू माझी वाट बघायली हुतीस अन् मी नुसती हुबी राहिले. मी फितूर झाले."

आक्कानं कप खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं, अगदी कडुनिंबाखाली गोष्ट वाचताना बघायची तसं.

"येडी हायस का?" ती म्हणाली. "हलू नको म्हनून मीच सांगितलं हुतं की तुला. आता हल, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं."